कपाटातले दोन फूट

आमच्या झोपायच्या खोलीत भिंतीत बसवलेलं कपाट आहे. नऊ फूट रुंद, वर लॉफ्ट धरलं तर छताला टेकलेलं. घरी येणारी माणसं त्याचं कौतुक करतात. बायका दारं सरकवून बघतात, एखादी सनमायकाचा नंबर विचारून घेते. अशा वेळी मी खोलीबाहेर जातो. बायकोला वाटतं, मला मोठेपणा मिरवायला आवडत नाही. तसं काही नाही. त्या कपाटात माझ्या आईचे दोन फूट होते आणि ते मी काढून घेतले. एवढंच आहे. पण हे एवढंच सांगायला मला सात वर्षं लागली.

आम्ही बोरगावच्या अलीकडचे. शेतकरी जैन. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. वडील गेल्यावर शेती थोरल्या अण्णांनी सांभाळली. मी बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात चिकटलो आणि तिथलाच झालो. आई गावी, अण्णा-वहिनींकडे. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत होतो तोवर तिला ‘ये’ म्हणायचा प्रश्नच नव्हता. पन्नाशीला शहराच्या कडेला स्वतःचं घर झालं आणि वास्तूच्या दिवशी मी भरल्या पंगतीत म्हणून गेलो, “आई आता माझ्याकडं.”

वहिनी वाढत होत्या. तशाच थांबून म्हणाल्या, “बघा हं भाऊजी. न्हेलासा तर परत पाठवायचं न्हाय. आमी घेणार न्हाय माघारी.”

पंगत हसली. आई सगळ्यांत जास्त हसली.

कपाटाचं काम दिलं ते उचगावच्या एका मेस्त्रीला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, कानाला कायम पेन्सिल. त्याची कामाची एक रीत होती. टेप काढायच्या आधी तो घरातल्या प्रत्येकाला सगळे कपडे बाहेर काढायला लावायचा. ज्याचा त्याचा ढीग वेगळा. ढिगांची मापं आधी, भिंतीचं माप सगळ्यात शेवटी.

“भित कुठं पळून जातीय साहेब? वाढत्यात ती कापडं.”

मग भिंतीवरच पेन्सिलीनं पूर्ण मापाचं कपाट काढायचं आणि प्रत्येक कप्प्यात ज्याचं त्याचं नाव लिहायचं. साहेब. म्याडम. पोरगी. कागदावर काढलेलं माणसाला कळत नाही, भिंतीवरचं कळतं, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी आई दोन दिवसांसाठी आलेली होती. दाराशी बसून आमचे ढीग बघत होती. माझ्या बायकोच्या साड्यांची चळत तिसऱ्यांदा कोसळली तेव्हा मेस्त्री आईकडे वळला.

“आजी, तुमची कापडं कुठं हायत?”

“माझी गावाकडं. ट्रंकेत.”

“मग आणायची की! ढीग बघितल्याबिगर मी रेघ मारत न्हाय.”

“म्हातारीचा कसला ढीग रं बाबा. सोळा-सतरा लुगडी असतील. त्यात तीन सोवळ्याची.”

सोवळ्याची म्हणजे काय ते तिनं त्याला सांगितलं. महाराज, म्हणजे आमचे मुनी, आहाराला घरी येतात तेव्हा नेसून स्वयंपाक करायची, धुऊन वेगळी ठेवलेली. दुसऱ्या कपड्याला लागू द्यायची नाहीत.

“म्हंजे त्यास्नी येगळा कप्पा लागणार.”

“मिळंल?” आईनं विचारलं.

तो आवाज मला अजून नीट आठवतो. काही मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे मागणं आणि चौकशी यांच्या मधलं काहीतरी झालं ते.

मेस्त्रीनं तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. त्यानं खांद्याशी खूण केली. “ह्येच्या वर तुमचं कायबी ठेवत न्हाय. समदं खाली.” खिडकीकडच्या टोकाला दोन फूट रुंदीचा उभा कप्पा काढला, त्यात खाली सोवळ्याचा बंद खण काढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आजी’.

आई चष्मा पुसून वाचत राहिली. मग म्हणाली, “लग्न झाल्यापासनं माझी ट्रंक दुसऱ्याच्या पलंगाखाली हाय बघ. पाहुणा आला की त्यो झोपणार, आन् मी ट्रंक वडायला बसणार.”

“आता तुमच्या कपाटाखाली कोण झोपत न्हाय, आजी,” मेस्त्री म्हणाला.

ती गावी गेली आणि चार दिवसांत वहिनींचा फोन आला. “भाऊजी, अख्ख्या गल्लीला सांगून झालं. बेळगावात माझं कपाट व्हायलंय म्हणून. शेजारच्या आक्कांनी इचारलं, आरसा हाय का? तर म्हणत्यात, सून हाय की बघायला, आरसा कशाला!”

मी हसलो. पण त्या दोन दिवसांतच मला धास्ती बसली होती.

आता इथं गोल-गोल बोलून उपयोग नाही. आई दिवस मावळल्यावर जेवत नसे, पाणीही घेत नसे. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांत ते पुष्कळ पाळतात. तिनं मला कधी सक्ती केली नाही. ती फक्त साडेपाचला दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, “दिवस बुडायला आला रं. चार घास खाऊन घे.” मी त्या दोन्ही दिवशी ऑफिसातून धावत आलो आणि सहाच्या आत जेवलो. गेली वीस वर्षं मी नऊला जेवत होतो. परत येताना गाड्यावर अंडा-भुर्जी खात होतो. शनिवारी दोन मित्रांबरोबर बसत होतो, म्हणजे पीत होतो. बायकोला हे माहीत होतं. आईला नव्हतं. दोन दिवस कुणीही चांगलं वागू शकतं. पण भिंतीवर ‘आजी’ असं लिहिलं गेलं की ते दोन दिवसांचं राहत नाही.

पुढच्या आठवड्यात मेस्त्रीनं मला खोलीत बोलावलं. बायको शाळेत गेलेली, ती शिक्षिका आहे. कोपऱ्यातला पिलर प्लास्टर धरून दीड फूट आत येत होता, ते त्यानं रेघा मारताना धरलं नव्हतं.

“समदं बसत न्हाय साहेब. पन काढतो काहीतरी. तुमचं सहा इंच कमी करतो, म्याडमचं सहा. बॅगा लॉफ्टवर टाकू. बसतंय बघा.”

“आईचं काढा,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. “आजीचं?”

“ती काय कायम राहणार नाही. आली की बॅगेतनं काढील, बॅगेत ठेवील.”

“साहेब, मापात समद्यास्नी बसवायचं, त्येच तर माझं काम हाय. बसतंय म्हटलं की मी.”

“मी सांगतो तेवढं करा.”

त्यानं फडकं ओलं केलं आणि पुसलं. त्या जागी इस्त्रीचा टेबल आणि सुटकेसी उभ्या राहतील असा कप्पा काढला.

बायकोनं संध्याकाळी विचारलं, “आईंचं कुठं गेलं?”

“पिलर आडवा आला. मेस्त्रीला बसवता येईना.”

तिनं दुसऱ्या दिवशी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. “एवढी वर्षं काम करताय आणि एका म्हाताऱ्या बाईची जागा काढता येत नाही तुम्हाला? माझ्यातली घ्या की!” तो रंधा हातात धरून उभा होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्राची घडी करत होतो. तो तिला म्हणाला, “चुकलं म्याडम. माप चुकलं.”

माझं खोटं त्या माणसानं आपल्या अंगावर घेतलं. त्याचं कामावरचं नाव त्यात जात होतं, तरी घेतलं. का, ते मी त्याला विचारलं नाही.

रविवारी मी गावी गेलो. आई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मी बाकीचं सगळं बोलून घेतलं, ऊस, अण्णांचं गुडघ्याचं दुखणं, आणि निघायच्या आधी म्हटलं, “आई, मेस्त्रीनं माप चुकवलं बघ. खांब आडवा आला. तुझा कप्पा बसंना.”

तिचा हात थांबला नाही. दोन-तीन शेंगा फुटल्या.

“बसंना व्हय.”

“नाही.”

“असू दे. मला कशाला रं कपाट?” ती म्हणाली. मग सुपातली फोलपटं फुंकून झाल्यावर म्हणाली, “मी नियमच घ्यावा म्हणतीया. महाराज हायत चातुर्मासाला. पाच लुगडी ठेवायची, बाकीची वाटून टाकायची. ह्या वयात ढीग करून काय करायचंय.”

हा आमच्यातला एक जुना नियम आहे. आपल्याजवळ किती वस्तू ठेवायच्या याची मर्यादा माणूस महाराजांसमोर बोलून घेतो. एकदा घेतला की पाळायचा. कुणी ताटं मोजून ठेवतं, कुणी दागिने, कुणी कपडे. गावात त्याला फार मान. माणूस मोठा झाला, सुटत चालला, असं समजतात.

आणि मी काय केलं? मला सुटल्यासारखं वाटलं. तिचं लुगड्यांचं ओझं गेलं, माझं कप्प्याचं गेलं. ‘चांगलं आहे की आई,’ असं मी म्हणालो. खरोखर म्हणालो.

पुढच्या रविवारी बस्तीसमोरच्या, म्हणजे आमच्या मंदिरासमोरच्या, मांडवात तिनं नियम घेतला. आम्ही सगळे गेलो होतो. महाराजांनी कानडीत विचारलं, किती? ती म्हणाली, “ऐदु.” पाच. त्यांनी विचारलं, आजन्म? ती म्हणाली, “आजन्म.” बायका ‘धन्य धन्य’ म्हणाल्या. मग कमिटीच्या लोकांनी मला वर बोलावलं. अशा आईचा मुलगा म्हणून माझा सत्कार. आईनं कपडे सोडले आणि मला शाल मिळाली. मी हात जोडून उभा होतो. माईकवरचा माणूस म्हणाला, “संस्कार घरातनं येत असत्यात.” मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असणार.

तिची बाकीची लुगडी दोन दिवसांत गेली. शेतात भांगलायला, तण काढायला येणाऱ्या बायकांना, लेकींना, सुनांना. माझ्या बायकोला एक इरकली लुगडं मिळालं. सोवळ्याच्या तिनातलं एकच तिनं ठेवलं.

कपाट पुरं झालं तेव्हा मेस्त्री हँडल बसवत होता. सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, “आजी येणार हुत्या न्हवं?”

“आईनं नियम घेतलाय. पाचच लुगडी. आता तिला कपाट लागत नाही.”

“लई मोठं काम केलं,” तो म्हणाला. स्क्रू पिळत राहिला. मग म्हणाला, “नियम आदी घेतला का रेघ आदी पुसली, साहेब?”

मी मजुरीचं पाकीट पलंगावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेलो.

आई बेळगावला राहायला आली नाही. मी ‘ये’ म्हणत राहिलो, ती ‘बघू’ म्हणत राहिली, आणि दोघांनाही माहीत होतं की हे बोलणं म्हणजे खुशाली विचारण्यासारखं आहे. दोनदा आली, दोन-दोन दिवस. कापडी पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवायची. बायको म्हणायची, “आई, माझ्या साड्यांशेजारी ठेवा की.” तर म्हणायची, “नको गं. तीन कापडास्नी कसलं कपाट.” बायको ते शाळेतल्या मैत्रिणींना सांगायची, कौतुकानं. मीही सांगायचो. ऑफिसात, लग्नांत, प्रवासात शेजारी बसलेल्या माणसाला. सांगता सांगता त्या गोष्टीतून मेस्त्री गेला, पिलर गेला, मी गेलो. एका म्हातारीनं आपण होऊन सगळं सोडलं, एवढीच गोष्ट उरली. ती ऐकून लोक हात जोडायचे आणि मलाही खरी वाटायची.

चौथ्या वर्षीच्या श्रावणात वहिनींचा फोन आला. त्या वर्षी पाऊस पंधरा दिवस हलला नव्हता.

“भाऊजी, आईंची लुगडी वाळंनात. लघवीचं ध्यान ऱ्हात न्हाय आता त्यास्नी, दिवसाला तीन-तीन बदलाय लागत्यात. चुलीपाशी वाळत घालतीया तरी ओलीच. दोन नवी आणते म्हटलं तर नियम म्हणत्यात. गाऊन आणते म्हटलं तर म्हणत्यात, ते काय पानाचं केलंय? कापडच की. तुम्ही या. तुमचं ऐकतील.”

मी गेलो. आई खाटेवर बसली होती. तिनं नेसलेल्या लुगड्याला धुराचा आणि दमट वास येत होता. काठ पायाशी काळपट ओला. मी हात लावून बघितला. तिनं पाय आत ओढून घेतला.

मी म्हटलं, “आई, महाराजांना विचारू या. आजारी माणसाला सूट देतात. आणखी चार लुगडी घ्यायला काही हरकत नाही.”

“देत्यात की,” ती म्हणाली. “पन त्यास्नी सांगाय लागतंय. नियम का घेतलता, आन् आता का मोडतीया. खरं सांगाय लागतंय.”

मी बाहेरच्या पावसाकडे बघितलं.

“काय सांगायचं रं त्यास्नी? का घेतलता म्हणून?”

ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे, त्यामुळे जरा जास्तच चकाकणारे. वहिनी दारात होत्या. तेव्हा मी बोलायला हवं होतं. जागा होती आई, मेस्त्री बसवत होता, मीच नको म्हटलं. तीन वाक्यं. ती महाराजांना जाऊन म्हणाली असती, पोरानं खोटं सांगितलं म्हणून घेतला, आणि त्यांनी तिला कोरडं लुगडं नेसू दिलं असतं.

मी म्हणालो, “वय झालं, होत नाही, असं सांगू.”

तिनं मान वळवली. “मग नको.”

मी पेठेतून एक टेबलफॅन आणून दिला, कपडे वाळवायला. तेवढं करून साडेचारच्या गाडीनं परत आलो.

भाद्रपदात आमचा क्षमावाणीचा दिवस असतो. वर्षभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची सगळे एकमेकांची क्षमा मागतात. मोठे लहानांची, मालक गड्याची. मी दर वर्षी आईला फोन करायचो. त्या वर्षीही केला. “आई, कळत-नकळत माझ्याकडनं काही...” एवढंच म्हणालो असेन, तर ती “केली, केली” म्हणाली आणि मग खोकायला लागली. वहिनींनी फोन घेतला. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. त्या वाक्यात ‘कळत’ हा शब्द आहे म्हणून मी दर वर्षी स्वतःची समजूत काढत आलो होतो, की मी सांगितलेलंच आहे.

मार्गशीर्षात ती गेली. छातीत कफ झाला होता. ओल्या लुगड्यानं गेली असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, ब्याऐंशीव्या वर्षी काहीही निमित्त होतं. पण त्या पावसाळ्यात ती कोरडी नव्हती, हे मला माहीत आहे.

गेल्या चातुर्मासात बस्तीत तिच्या नावानं पूजा ठेवली होती. दुसरे महाराज होते. कमिटीनं मला आईच्या नियमाबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. नव्या पिढीला आदर्श म्हणून. मी रात्रभर विचार केला आणि ठरवलं. माईकसमोर उभं राहून म्हणालो, “माझ्या आईनं त्याग केला नाही. मी तिला माझ्या घरात जागा दिली नाही. तिच्या कपड्यांची जागा मी काढून टाकली आणि तिला खोटं सांगितलं. म्हणून तिनं नियम घेतला. तुम्ही जे कौतुक केलं ते तुमचं चुकलं.”

एवढं बोलून मी खाली बसलो.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. माईकवरचा माणूस म्हणाला, “बघा. एवढं सगळं करून बी आपणच कमी पडलो म्हणायला मोठं मन लागतंय. आईचा गुण आलाय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांनी हात वर करून आशीर्वाद दिला. दोघं-तिघं नंतर माझ्या हातात हात घेऊन गेले. मी त्यांना म्हणत होतो, अहो, खरंच तसं झालं. ते म्हणत होते, व्हय व्हय.

मला वाटतं, तिच्या बाबतीतही हेच झालं होतं. जागा काढून घेतलेली बाई मांडवात उभी होती आणि आम्हाला त्यागी बाई दिसली. आम्हाला एवढंच बघायला येतं.

म्हणून इथं लिहितो आहे. इथं कुणी टाळ्या वाजवत नाही.

त्या दिवशी मांडव रिकामा झाल्यावर वहिनी एकट्या चपला शोधत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, मी बघितलं होतं. बायकांच्या बाजूला त्या एकट्याच हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी जवळ गेलो. म्हटलं, “वहिनी, तुम्हाला तरी कळलं न्हवं, मी काय म्हणालो?”

“मला त्याच दिवशी कळलं हुतं,” त्या म्हणाल्या. “फॅन घेऊन आलासा त्या दिवशी.”

चप्पल सापडली. त्यांनी ती पायात घातली, पदर सारखा केला.

“हितं सांगून काय उपेग, भाऊजी? त्या खाटंवर बसल्या हुत्या तवा सांगायचं हुतं.”

“व्हय,” मी म्हटलं.